नागपूरच्या गिरणी कामगारावरचा वास्तववादी चित्रपट: पटकथेत काय चुकतंय?

सक्करदरा (धागाकर्ता)

पटकथेचा दुसरा खर्डा तयार आहे. काळ २००१-०२. नागपुरातली एक निनावी कापडगिरणी बंद पडते, त्याआधीचे आठ महिने. नायक विणकर, वय ४६, नोकरी २४ वर्षं. बायको घरी बिड्या वळते. मोठा पोरगा बारावी नापास. लांबी १०५ मिनिटं, पैसा बेताचा, चित्रीकरण डिसेंबर-जानेवारीत. मोर्चे, भाषणं, झेंडे जवळजवळ नाहीत. काम, पैसा आणि घर यांवरच सगळं उभं राहावं, असा प्रयत्न आहे. या जागा तपासून द्या:

पहिला प्रसंग मे महिन्याचा. माग खातं, उंच खिडक्यांतून उन्हाचे झोत, त्यात तरंगणारे कापसाचे तंतू. नायक शेजारच्या विणकराशी दोन-अडीच मिनिटं बोलतो.
नायकाला खोकला आहे, शेवटी रक्त पडतं.
१ तारखेला पगार, गेटवर सावकार.
मध्यंतराला बॉयलरचा स्फोट, त्यात मित्र जातो.
सट्टेदार (पान-तंबाखू देऊन वळलेल्या बिड्या घेणारा ठेकेदार) बायकोवर ओरडतो.
मिल बंद झाल्यावर हातात रक्कम येते, नायक म्हणतो, "एवढेच?"

कौतुक नको. चुका सांगा.

ताणाबाणा

पहिल्याच प्रसंगात तीन चुका आहेत.

उन्हाचे झोत. जुन्या गिरण्यांच्या माग खात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं आणि काचा उत्तरेकडे तोंड करून. दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड मिळावा, सुताचा तार डोळ्याला दिसावा, म्हणून ही रचना. थेट ऊन आत येऊ नये, हाच तिचा हेतू. झोत, धुरळा, सोनेरी कडा हे जाहिरातवाल्यांचं माग खातं.

उघड्या खिडक्या. नागपूरचा मे महिना, हवा कोरडी. कोरड्या हवेत सूत कडक होतं आणि पटापट तुटतं. म्हणून माग खात्यात दमटपणा ७०-८० टक्क्यांच्या आसपास राखावा लागतो, पाण्याचे फवारे सोडतात, आणि तो बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवतात. बाहेर ४५ अंश आणि आत बंद खोलीत वाफ. बनियन अंगाला चिकटलेलं, डोक्याला फडकं. पोरगा डबा घेऊन गेटवर येतो तेव्हा बाहेर लू आहे आणि बाप ओलाचिंब बाहेर येतो, एवढं दाखवलं तरी पुरे.

संवाद. साधा माग मिनिटाला १६०-२०० धोटे मारतो (धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, त्यातल्या कांडीवर सूत गुंडाळलेलं). धोट्यातली एक कांडी चार-पाच मिनिटांत संपते. हिशेब करून बघा: २० नंबरचं २५ ग्रॅम सूत म्हणजे साधारण ८५० मीटर, कापडाचा पन्हा सव्वा मीटरच्या आत धरला तर सातशे धोटे, म्हणजे चार मिनिटं. विणकराकडे चार माग असतील तर दर मिनिटाला एक कांडी बदलायची. शिवाय ताण्याचे (उभ्या सुताचे) तार तुटतात ते जोडायचे. अडीच मिनिटं उभं राहून बोलणारा विणकर म्हणजे दोन माग बंद आणि जॉबर (खात्यातला मुकादम) डोक्यावर.

कांडी बदलण्याचा क्रम नटाच्या हातात बसलाच पाहिजे: हँडल मारून माग थांबवणे, पेटीतून धोटा काढणे, रिकामी कांडी उपसून टोपलीत, भरलेली कांडी चातीवर दाबणे, सुताचं टोक धोट्याच्या डोळ्यातून ओढणे, धोटा पेटीत परत, हँडल. सरावलेल्या माणसाला आठ-दहा सेकंद. टोक डोळ्यातून ओढण्यासाठी धोटा तोंडाला लावून हवा आत खेचायची, ही जुनी पद्धत. पुढे हाताने ओवायचे धोटे आले तरी जुन्या खात्यांत तोंडाची सवय गेली नाही.

ही तोंडाची गोष्ट सोडू नका. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत, त्यामागचं दिलं जाणारं कारण हेच होतं: एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा. विणाईत मजुरी जास्त, म्हणजे विटाळाच्या नावाखाली चांगल्या मजुरीचं दार बंद. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला होता. नायक कोणत्या खात्यात आहे हे ठरवताना त्याची जातही ठरते, पटकथेत ती उच्चारा किंवा नका उच्चारू.

ताणाबाणा

आता खोकला. कापसाच्या धुळीचा दमा मुख्यतः ब्लो रूम आणि पिंजण खात्यातला रोग आहे. तिथे गाठी फुटतात, धूळ सगळ्यात जास्त. माग खात्यात सुताला खळ लागलेली असते, तिथे धूळ त्या मानाने कमी. विणकराचा खरा रोग बहिरेपण.

दोन वाटा आहेत. नायकाला पिंजण खात्यात न्या, मग छाती ठेवा. पण या रोगाची ओळख खोकल्यातल्या रक्ताने होत नाही (रक्त म्हणजे क्षय, ती वेगळी गोष्ट). साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळते, श्वास पुरत नाही, आठवड्याच्या शेवटी बरं वाटायला लागतं, पुन्हा सुट्टी, पुन्हा तेच. म्हणजे सुट्टीने माणूस बरा व्हायचा तर उलट पहिल्या दिवशीच जास्त हाल. एवढं चक्र बांधलं तर डॉक्टरचा एकही संवाद लागत नाही.

किंवा नायक विणकरच ठेवा आणि कान घ्या. मी कान घेईन.

बॉयलरही काढा. माग खात्यातला नेहमीचा अपघात म्हणजे धोटा उडणे. पिकर (धोट्याला धक्का देणारा भाग) झिजलेला, पट्टा सैल, मागाची वेळ चुकलेली किंवा ताण्यात तुटलेला तार गुंतून धोट्याची वाट अडलेली, यांपैकी काहीही झालं की लोखंडी टोकाचा लाकडी धोटा पेटीत न जाता बाहेर सुटतो. तो सहसा शेजारच्या मागावरच्या माणसाला लागतो, स्वतःच्या नाही. डोळा, जबडा, बरगडी. धोटा अडवायला मागावर दांडा बसवलेला असतो. तार जोडताना हात घालायला अडचण होते म्हणून तो कुणीतरी वाकवून ठेवलेला असतो, आणि वाकवायला लावणारी गोष्ट म्हणजे मिनिटाला एक कांडी. मित्र मरायला नको. त्याचा एक डोळा जाऊ दे.

मारबत

ताणाबाणा भाऊ, तुम्ही तर पटकथा उसवून नवीनच विणून राहिले. 😄

पण बॉयलर काढला हे बरं केलं. मराठी पिक्चरमध्ये मिल म्हटलं की भोंगा, चिमणी आणि स्फोट, एवढंच दिसते.

सक्करदरा

कान घेतो. धोटा घेतो. अडीच मिनिटांचा संवाद कुठे न्यायचा हा प्रश्न उरतो, कारण युनियनची बातमी त्यातच सांगितली आहे.

बूमवाला

संवाद माग खात्यात राहू शकतो, ऐकू येऊ शकत नाही, एवढंच. चालू माग खात्यात आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. त्यात माणसं ओरडत नाहीत, ओरडून उपयोगच नसतो. ओठ मोठे हलवतात आणि हाताच्या खुणा करतात. दोन मागांच्या मधून, कांडी बदलता बदलता, चार तुकड्यांत बातमी सांगू द्या. प्रेक्षकाला आवाज फक्त मागांचा. खालची अक्षरं द्यायची का नाही हा दिग्दर्शकाचा प्रश्न. माझं मत, देऊ नका. बातमी काय होती ते घरी बायकोला सांगताना कळेल, आणि तिथे तो विनाकारण मोठ्याने बोलेल. शेजारी ऐकतील. बायको हाताने 'हळू' अशी खूण करेल. बहिरेपण इथेच मांडून झालं, पुढे कर्णयंत्राचे प्रसंग लिहू नका.

ध्वनिमुद्रणाचं: नटांच्या अंगावर लेपल माइक लावून तिथे काही मिळत नाही. डायनॅमिक माइक, रेकॉर्डरवर इनपुट खाली आणि पॅड चालू, पातळी उणे २० च्या आसपास. पूर्ण खात्याचा आवाज वेगळा घ्या, तीन मिनिटं. मग मालकाला विनंती करून सगळे माग बंद आणि एकच चालू, तो दोन मिनिटं. मग एक माग सुरू होताना आणि थांबतानाचे आठ-दहा तुकडे. मिक्सिंगमध्ये हेच सोनं आहे. एकेक माग बंद होत गेला तर आवाजातली शेवटची खटखट एकट्या मागाची राहते. पूर्ण गोंगाट एकदम कापला तर ते प्रेक्षकाला तांत्रिक बिघाड वाटतं.

युनिटमधल्या प्रत्येकाला कानात बोळे. दिवसभर तिथे उभं राहून संध्याकाळी आवाज तपासायला बसलात तर कान खोटं सांगतात.

फोकस पुलर

माग खात्यातलं कॅमेऱ्याचं गणित.

मिनिटाला १८० म्हणजे सेकंदाला ३ धोटे. २४ फ्रेममध्ये एका धोट्याला ८ फ्रेम, त्यातला प्रत्यक्ष प्रवास दोन-तीन फ्रेमचा. म्हणजे साध्या गतीत धोटा दिसत नाही, फक्त एक रेघ दिसते. कामगारालाही तेवढीच दिसते, म्हणून ते बरोबरच आहे. धोटा दाखवायचाच असेल, उदाहरणार्थ अपघाताआधी, तर १०० च्या वर फ्रेम लागतात. मग चोकवाल्या ट्यूबचा लखलखाट दिसू लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. साध्या गतीत २४ फ्रेमला शटर १७२.८ अंशावर ठेवलं की सुटतं. जास्त गतीचे शॉट मात्र ट्यूब बंद करून उत्तरेच्या उजेडातच घ्या.

टंगस्टनचे तापणारे दिवे खात्यात नेऊच नका. कापसाचा कोंडा दिव्यावर बसतो आणि पेटतो. एलईडी वापरा. कॅमेऱ्याच्या पंख्याच्या जाळीवर कोंडा साचतो, दर तासाला ब्रशने झाडा. लेन्स खात्यात बदलू नका. सहायकांच्या ओढण्या, गळ्यातले दोऱ्यांचे बिल्ले, सैल बाह्या पट्ट्यांपासून लांब.

आता धागाकर्त्याने न विचारलेली चूक. मे महिना डिसेंबरात चित्रित करणार. घाम ग्लिसरीन-पाण्याने होईल, खसच्या ताट्या लावता येतील, पण सावलीचं काय? नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. डिसेंबरच्या २२ ला भर दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशावरच, म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी. गेटवरचा डब्याचा प्रसंग उघड्यावर घेतला तर कोणीही नागपूरकर ओळखेल की हे ऊन मेचं नाही. एक तर दुपारचे सगळे बाह्यप्रसंग झाडाखाली, छपराखाली न्या, किंवा दोन दिवस राखून ठेवा आणि मेमध्येच घ्या.

संत्रागल्ली

जागेबद्दल. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे, तेव्हा तिकडून काही मिळणार नाही. साधे माग चालू अवस्थेत हवे असतील तर इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी. पण तिथली यंत्रमागाची शेड म्हणजे टिनाचं बुटकं छप्पर, दाटीवाटी. रुंद शॉट तिथे घेतला की गिरणी वाटत नाही. हात, धोटा, कांडी, चेहरा एवढं तिथे घ्या, रुंदी दुसऱ्या एखाद्या जुन्या कारखान्यात.

नागपुरातले रस्ते जपून. मेट्रो २०१९ ला सुरू झाली, तिचे खांब वर्धा रोड आणि सेंट्रल अव्हेन्यूवर फ्रेममध्ये घुसतात. महाल, इतवारीच्या आतल्या गल्ल्या धरा. गाड्यांचे नंबर एमएच-३१, ४९ दिसला की काळ बिघडला. दुकानांवर रंगवलेल्या पाट्या, फ्लेक्स नको. नोटांचं तर बोलायलाच नको: आजच्या जांभळ्या, केशरी नोटा खिशातून निघाल्या की संपलं. लुना, एम-८० आणि सायकली भरपूर.

डबा. दुसऱ्या प्रसंगात कामगार वडापाव खातात! आलूबोंडा लिहा, नाहीतर तर्री-पोहे. डब्यात भाकर, चून (पिठलं नाही म्हणत इकडे), कांदा, ठेचा. नायक कोष्टी घरातला असेल तर पगाराच्या दिवशी सावजीचं मटण, कारण ते रांधणं मुळात त्याच समाजाचं. ते हॉटेलात नको, घरातल्या चुलीवर.

पंधरा भागिले सव्वीस

पैशाच्या सगळ्या जागा चुकल्या आहेत, आणि सगळ्या दुरुस्त केल्यावर जास्त चांगल्या होतात.

पगाराची तारीख. तेव्हाचा वेतन प्रदान कायदा, १९३६: हजाराहून कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, हजार किंवा त्याहून जास्त असतील तर १० तारखेपर्यंत. नायकाचा पगार या कायद्याच्या तेव्हाच्या मर्यादेच्या (महिना १,६०० रुपये) वर आहे, पण मिल मोठी आहे, तेव्हा १० धरा. सावकार १ तारखेला गेटवर उभा राहिला तर तो मूर्ख आहे. घरात १ ते १० हे दहा दिवस कसे काढतात, किराणा दुकानातली वही कशी फुगते, हा तुमचा प्रसंग.

दंड. पटकथेत कापडात दोष निघाल्याबद्दल अर्धा पगार दंड म्हणून कापला आहे. त्याच कायद्यात दंडाला त्या मुदतीच्या पगाराच्या ३ टक्क्यांची मर्यादा होती.

ले-ऑफ. मिल एका दिवसात बंद पडत नाही. आधी ले-ऑफ येतो: फाटकावर यादी, हजेरी लावून घरी जा, मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई. बदली कामगाराला (कायम कामगाराच्या गैरहजेरीत घेतात तो) ती मिळत नाही, पण वर्षभराची सलग सेवा पूर्ण झाली असेल तर तो बदली राहत नाही. जमिनीवरच्या कामगाराला त्यासाठी बारा महिन्यांत २४० दिवस लागतात. म्हणजे २३६ दिवस भरलेला एक बदली कामगार तुमच्या कथेत असेल, तर चार हजेऱ्यांसाठी तो काय काय करेल याचा विचार करा. नायकाच्या मागावर बदली म्हणून तोच येत असेल तर आणखी बरं.

बंदी. शंभर आणि त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला त्या काळात औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-ओ खाली परवानगी लागायची. अर्ज बंदीच्या किमान ९० दिवस आधी. सरकारकडून ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. म्हणजे २४ वर्षांची नोकरी नुसत्या गप्प बसण्याने जाऊ शकते. तुमच्या पटकथेत मंत्र्याचं भाषण आहे, ते काढा, साठाव्या दिवसाचं कॅलेंडर ठेवा.

आता 'एवढेच?' ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा मासिक पगार × १५ ÷ २६ × सेवेची वर्षं. महिन्यात २६ कामाचे दिवस, म्हणून २६. ही स्पष्टता १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यातच आली. नायकाचा मूळ अधिक महागाई भत्ता ४,२०० धरा.
४,२०० × १५ ÷ २६ = २,४२३.०८. गुणिले २४ = ५८,१५४ रुपये.
टाइम ऑफिसातल्या कारकुनाने ३० ने भागलं तर २,१०० × २४ = ५०,४००.
फरक ७,७५४ रुपये, जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. बारावी नापास पोराला हा भागाकार करता येतो की नाही, हा तुमच्या चित्रपटातला सगळ्यात मोठा प्रसंग असू शकतो. अर्ज नमुना 'आय' मध्ये मालकाकडे, नाही दिली तर नमुना 'एन' मध्ये नियंत्रक अधिकाऱ्याकडे. मुदत ३० दिवस, उशीर झाला तर व्याज. बंदीची भरपाई वेगळी, तीही दर वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराने.

शेवटचं. ग्रॅच्युइटीवर कोर्टाची जप्ती येत नाही, तेव्हाच्या ग्रॅच्युइटी कायद्याचं कलम १३. म्हणून सावकाराला कोर्टात जाऊन उपयोग नाही. तो कुठे उभा राहील? बँकेच्या दारात.

मारबत

त्या बदली कामगाराला माझं मत. २३६!

अवांतर: आठ महिन्यांत पोळा येत असेल तर दुसऱ्या दिवशीची मारबत (पुतळ्यांची मिरवणूक) सोडू नका. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते, हे नागपूरचं खास. बडग्या (सोबत निघणारा पुरुषाचा पुतळा) मिलवाल्यांचा करा, मागे कागदाची पाटी लावा. "घेऊन जा गे मारबत" एवढं ओरडलं की तुमचं भाषण झालं. पण पोळ्याचे बैल घेतले तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधी काढा, नाहीतर सेन्सॉरला अडकून बसाल.

कामठी लाइन

बिडीच्या प्रसंगात सगळ्यात कमी काम केलेलं दिसते. 'ती बिड्या वळत बसली आहे' म्हणजे काय?

क्रम असा. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. कोरडं पान वळताना फाटतं, जास्त ओलं झालं तर बिडी काळी पडते. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कातरीने कापणी, शिरा टाळून. हे दोन-सव्वादोन तास एकसलग. मग सूप मांडीवर, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. पान डाव्या हातात, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचं, रुंद तोंड दुमडून बंद करायचं, निमुळत्या टोकाला दोरा. पंचवीसचा कट्टा.

हजार बिड्यांना साधारण पाव किलो तंबाखू, अर्धा ते पाऊण किलो पान. वळणीला आठ तास धरले तर तासाला १२५, म्हणजे पाच कट्टे, एका बिडीला २९ सेकंद. कंटिन्युइटीवाल्याने हे लिहून घ्यावं: वळणी दहाला सुरू झाली तर एक वाजताच्या शॉटमध्ये पंधरा कट्टे दिसले पाहिजेत, दोन-चार नाही. नटीला हजार जमण्याची गरज नाही, पण न बघता वळता आलं पाहिजे. बोलताना बाई हाताकडे बघत नाही. महिनाभर रोज दोन तास सराव द्या, नाहीतर हातांचे जवळचे शॉट खऱ्या बिडी कामगार बाईचे घ्या. बोटांचे डाग आणि नखं जुळवून.

सट्टेदार ओरडत नाही. ओरडण्याची गरज कुठे आहे त्याला? तो कट्टा उचलतो, दाबून बघतो आणि बाजूला टाकतो. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत आणि बिड्या परतही नाहीत, त्याच्याच टोपलीत राहतात. तेव्हाच्या नियमात छाट सहसा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, हजारात ५०. त्याने साठ-सत्तर काढल्या तरी बाई मोजून भांडत नाही, कारण उद्याचं पान त्याच्याच हातात आहे. दुसरी खोच पानाची. फाटकं, डागी पान तोलून दिलं तर वजन बरोबर आणि बिड्या आठशेच. उरलेल्या दोनशेचं पान तिने विकत घ्यायचं. हा प्रसंग एका शब्दाशिवाय होतो: तराजू, हात, टोपली, लॉगबुकातला आकडा.

फोकस पुलर

बिडीबद्दल एक सरकारी बाब. तंबाखूचे पदार्थ पडद्यावर दिसले की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांची आरोग्य फीत, २० सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन, आणि पदार्थ दिसत असेल तोवर खाली इशाऱ्याची पट्टी. तुमच्याकडे घरातल्या जवळजवळ प्रत्येक दृश्यात सूप आहे. पट्टी अर्धा चित्रपट राहणार. फ्रेमचा खालचा भाग मोकळा धरून मांडणी करा, नाहीतर नेमके हातच पट्टीखाली जातील.

सक्करदरा

ही पट्टी लक्षातच नव्हती. धन्यवाद.

भाषेचं काय? आत्ता सगळे प्रमाण मराठी बोलतात. वितरक म्हणतात तशीच ठेवा, पुण्या-मुंबईला कळणार नाही.

संत्रागल्ली

कळते. न कळायला काय आहे? "तू काय करतोयस"च्या जागी "तू काय करून राहिला बे" लिहिलं तर कोणाला कळणार नाही? मले, तुले, कायले, पोट्टा, हाव, एवढ्यावर भागते. पण सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नका. बापाची बोली जास्त घट्ट, कॉलेजात गेलेल्या पोट्ट्याची पातळ, टाइम ऑफिसचा कारकून प्रमाण मराठीच बोलेल आणि तिथेच त्याची सत्ता दिसेल. बायको नवऱ्याला 'तुमी' म्हणेल, नावाने हाक मारणार नाही. जॉबर हिंदीत बोलला तरी चालते, पण ती नागपुरी हिंदी: मेरे को, करके, ना बे. 'अपुन' आणि 'रेला' ऐकू आलं की माणूस मुंबईहून आणलेला समजा.

आणि 'बे' सगळीकडे शिंपडू नका. बरोबरीच्याला बे, मोठ्याला भाऊ. सासऱ्यासमोर बे म्हणणारा जावई दाखवला तर थेटरात हसतील.

ताणाबाणा

नटांबद्दल. माग चालवणारे दोन-तीन खरे कामगार छोट्या भूमिकांत घ्या. 'कोर्ट' (२०१४) मधला शाहीर नारायण कांबळे नागपूरचे वीरा साथीदार यांनी केला होता, ते कार्यकर्ते, व्यावसायिक नट नव्हेत. पण कामगाराला पाठ केलेलं वाक्य बोलायला लावलं की तो शाळेतल्या नाटकासारखा उभा राहतो. त्याच्या हाताला काम द्या, प्रसंग सांगा, वाक्य त्याचं त्याला बोलू द्या. आणि चित्रीकरण शक्यतो कथेच्या क्रमाने. डोळा गेलेल्या मित्राला पहिल्या दिवशी डोळा गेल्याचा प्रसंग देऊ नका.

बूमवाला

क्रमाने चित्रीकरण म्हणजे इचलकरंजीच्या दोन फेऱ्या. बेताच्या पैशात? मागाचं सगळं एका फेरीत उरका, घरचं तेवढं क्रमाने घ्या.

ताणाबाणा

मान्य. घरचं क्रमाने, मागाचं एकदम.

सक्करदरा

शेवटचा प्रसंग बदलला आहे. ५८,१५४ चा धनादेश जमा झाल्यानंतरचा आठवडा. बँक, सावकार हे आधीच होऊन गेलं. सकाळ. बायको पान कापते आहे. नायक समोर येऊन बसतो, दुसरं सूप ओढतो. संवाद नाही. तिच्यासारखाच वळू लागतो, तासाभरात तिच्या बरोबरीने कट्टे बांधतो. हाताचं कसब कुठे जात नाही, असं दाखवायचं आहे.

कामठी लाइन

पहिल्या दिवशी बरोबरी होत नाही. नवीन माणूस दिवसभरात दोन-अडीचशे वळला तरी खूप.

ताणाबाणा

बरोबर. पण सगळ्यातच तो मागे पडणार नाही. चोवीस वर्षं तुटलेले तार जोडलेत, दोऱ्याची गाठ तो तिच्यापेक्षा लवकर मारेल, न बघता. वळण जमणार नाही. मागावर सूत ताणून धरायची सवय, इथे पान दाबून गुंडाळायचं.

कामठी लाइन

म्हणजे गाठ पक्की आणि बिडी सैल. संध्याकाळी सट्टेदार दाबून बघेल तेव्हा छाटीच्या टोपलीत त्याच जातील. बायकोला ते दुपारीच कळलेलं असेल. ती त्याच्या बिड्या आपल्या कट्ट्यांच्या मधोमध बांधेल, वर खाली स्वतःच्या.

सक्करदरा

मधोमध. लिहून घेतलं.